खिडकीकडचा गाल

माझ्या चेहऱ्याला दोन रंग आहेत हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका कॅमेरावाल्याकडून. त्याआधी बावीस वर्षं मी गाडी शिकवत होते आणि आपला चेहरा आपल्याला चांगला ठाऊक आहे अशा समजुतीत होते.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. सकाळी सहाला पहिली बॅच, संध्याकाळी सातला शेवटची. आजवर दोन हजारांवर माणसं माझ्या हाताखालून गेली असतील. एवढी नावं कोण लक्षात ठेवणार, म्हणून मी सगळ्यांना टोपणनावं ठेवते. चौकात गाडी बंद पाडून बसणारा 'पुतळा', सिग्नल हिरवा व्हायच्या आधी सुटणारी 'घाई'. आमच्या मालकांचं नाव 'हॉर्न', कारण ते गरज नसताना वाजतात. हे नाव मी त्यांच्या तोंडावर घेत नाही, एवढी अक्कल मला आहे.

तर या हॉर्नच्या डोक्यात आलं की शाळेचे बारा धडे चित्रित करायचे आणि लोकांना फोनवर दाखवायचे. धडे अर्थातच माझे. बावीस वर्षांत रोज बोलून बोलून घासलेले, मग एका जाड वहीत उतरवलेले. क्लच कसा सोडायचा हे मी असं सांगते: झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून आपण हात काढतो ना, तसा. हे वाक्य मला माझ्या लेकीला झोपवताना सुचलं होतं. आज ती लेक नोकरी करते, आणि वाक्य अजून कामावर आहे.

चित्रीकरणाच्या चाचणीच्या दिवशी कॅमेरावाल्याने डॅशबोर्डवर कॅमेरा चिकटवला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमच्या या बाजूला सावली पडतेय का?"

सावली कुठली पडणार? सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. नाकाच्या एका बाजूला माझा गाल होता, मला माहीत असलेला, गव्हाळ. दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच कुणाचा तरी गाल होता. दोन छटा गडद, डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत तपकिरी डागांचा, कानशिलाजवळ सुरकुत्यांची जाळी. एकाच मानेवर दोन बायका बसल्यासारख्या दिसत होत्या.

हॉर्न मागच्या सीटवरून पुढे वाकले. "अरेच्चा! हे काही चालायचं नाही. लोक क्लच बघतील की हे बघतील?" मग त्यांना एकदम तोडगा सुचला. "असं करू. आवाज तुमचा, चेहरा माझ्या भाचीचा. ती दिसायला छान आहे, आणि तिला गाडी येत नाही, म्हणजे मध्येमध्ये बोलणार पण नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ब्रेकवर पाय माझा, धडे माझे, बाळाच्या डोक्याखालचा हात माझा, आणि ओठ हलवायला तिसरीच?

"आठ दिवस द्या," मी म्हटलं.

"आठ दिवसांत काय होणार?"

"दोन हजार लोकांना मी गाडी शिकवली. तुमच्या घरातलं माणूस तेवढं राहिलं, ते तुम्ही शिकू देत नाही म्हणून. मला एक चेहरा जमणार नाही?"

त्यांच्या बायकोला गाडी शिकायची होती हे सगळ्या शाळेला माहीत होतं. 'तिला जमायचं नाही' हे हॉर्नचं ठरलेलं उत्तर होतं. ते जरा गोरेमोरे झाले आणि आठ दिवस देऊन बसले. पण भाचीला तयार ठेवणार, हेही सांगून ठेवलं.

घरी यांना विचारलं, "माझे दोन गाल वेगळे दिसतात?"

यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मला तर तू नेहमीसारखीच दिसतेस."

हे प्रेम होतं की चष्म्याचा नंबर वाढला होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन फाउंडेशनची बाटली आणली. गाडीत बसले, आणि शिकवणाऱ्याच्या आरशात, म्हणजे समोरच्या काचेला मधोमध चिकटवलेल्या त्या हातभर लांबीच्याही नसलेल्या आरशात बघून रंग जुळवला, नीट लावला, वर पावडर फिरवली. आरशात झकास दिसत होते. ताठ मानेने ऑफिसात शिरले.

हॉर्ननी चेहरा पाडला. "काय हो, बरं नाही का तुम्हाला? सुट्टी हवी का?"

भाची कोपऱ्यात बसली होती. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं, चांगली झापली असती. पण ती उठली, माझा हात धरून मला हात धुवायच्या खोलीत घेऊन गेली आणि खिडकीसमोरच्या मोठ्या आरशापुढे उभी केली. गाडीत गियरकडे असतो तो गाल सुरेख होता. गाडीच्या खिडकीकडचा राख फासल्यासारखा करडा. डाग झाकले गेले नव्हते, उलट राखेखालून वर आले होते.

आता ही चूक माझ्याच धंद्यातलं माणूस करू शकतं. सकाळी सहाची बॅच म्हणजे घरातून अंधारात निघणं, आणि केस विंचरण्यापासून सगळं गाडीत. तो आरसा मधोमध, म्हणजे त्यात तिरक्या नजरेने बघितलं की दिसणार फक्त गियरकडचा अर्धा चेहरा. बावीस वर्षं मी अर्ध्या चेहऱ्यालाच माझा चेहरा समजत होते. खरेदीही अर्ध्या चेहऱ्याच्या हिशोबाने केली. रोज दोन हजार वेळा 'तिन्ही आरसे बघा' म्हणून ओरडणारी मी!

मी रडले, स्पष्टच सांगते. रडल्यावर राखेत दोन ओहोळ पडले ते वेगळेच.

भाचीने कागदी रुमाल पुढे केला आणि हळूच म्हणाली, "काकू, तुम्हीच करा हो ते. मामांना सांगू नका, पण मला गाडी लागते."

रडता रडता मला हसू फुटलं.

त्या संध्याकाळी मी हँडब्रेकला फोन लावला. हँडब्रेक ही माझी जुनी विद्यार्थिनी. एकदा सबंध शहर हँडब्रेक न सोडता फिरली आणि वर मला म्हणाली, 'मॅडम, या गाडीत दमच नाही.' तीनदा नापास, चौथ्यांदा पास. ती बातम्यांच्या वाहिनीवर मेकअप करते. रोज सकाळी चार निवेदकांचे चेहरे तिच्या हातून पडद्यावर जातात. मी तिच्यावर जेवढी ओरडले तेवढी जगात कुणावर ओरडले नसेन, त्यामुळे ती येईल याची खात्री नव्हती. ती तासाभरात आली, आपली गाडी एका झटक्यात दारासमोर लावून.

मला खिडकीपाशी बसवून तिने माझी हनुवटी इकडून तिकडे वळवली. मग माझे हात बघितले. खिडकीकडचा हातही कोपरापर्यंत गडद होता.

"मॅडम, तुम्ही कुठल्या बाजूला बसता?"

"तुला माहीत नाही? चाळीस दिवस शेजारी बसले होते तुझ्या."

"तेच. समोरची काच ऊन बरंच अडवते. बाजूची तेवढं अडवत नाही. तुम्हाला चटका बसत नाही, म्हणून कळत नाही. पण डाग पाडणारं ऊन आत येतंच. सनस्क्रीन लावता?"

"गाडीत बसून कसलं सनस्क्रीन?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्याकडे त्या हँडब्रेकच्या दिवशी बघितलं होतं. "बावीस वर्षं हँडब्रेक ओढून चालवली तुम्ही," ती म्हणाली.

मेकअपचा डबा तिने उघडलाच नाही. आधी मला त्वचेच्या डॉक्टरकडे पिटाळलं. "हे डाग उन्हाचेच की आणखी कशाचे, ते आपण नाही ठरवायचं." डॉक्टरीणबाईंनी भिंगातून एकेक डाग तपासला. उन्हाचेच होते. माझा जीव भांड्यात पडला. रात्री लावायचं एक औषध मिळालं, पण बाईंनी बजावलं की फरक पडायला महिने लागतील, आणि दिवसा सनस्क्रीन लावलं नाही तर महिने लागूनही पडणार नाही. बावीस वर्षं आठ दिवसांत परत मिळत नसतात.

"मग मी आठ दिवसांत काय करू?" मी हँडब्रेकला विचारलं.

"शिकायचं. मी लावून देणार नाही. बारा धडे म्हणजे बारा दिवस शूटिंग, मी रोज कुठून येऊ?"

मग रोज पहाटे ती कामावर जाताना अर्धा तास माझ्याकडे थांबायची. मी आयुष्यात इतकी बोलणी खाल्ली नव्हती.

"घासताय काय मॅडम? पुसताय की लावताय? थापटा. बोटाच्या टोकाने. क्लच कसा सोडायचा?"

"झोपलेल्या बाळाच्या..."

"मग तसंच! आधी मॉइश्चरायझर. या वयात कातडी कोरडी पडते, तहानलेल्या कातडीवर फाउंडेशन ठेवलं की ते सुरकुत्यांत जाऊन बसतं. आता थांबा. थांबा म्हटलं ना! सिग्नल लाल आहे."

मॉइश्चरायझर, थांबा. सनस्क्रीन, थांबा. मग फिकट नारिंगी रंगाचं एक करेक्टर, आणि तेही फक्त डागांवर, ठिपक्याएवढं. तपकिरी डागावर नुसता गोरा रंग थापला की तो करडा होतो, ही माझ्या राखेची गोष्ट मला तेव्हा समजली. नारिंगीने आधी डागाचा काळसरपणा मारायचा, मग फाउंडेशनचा पातळ हात. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ. पावडर नाकाला आणि कपाळाला, डोळ्यांच्या कोपऱ्यांना अजिबात नाही.

आणि रंग कुठल्या गालाचा घ्यायचा? मला वाटलं, गोऱ्या गालाचा. हँडब्रेकने मान हलवली. बाटली माझ्या जबड्यापाशी, मानेजवळ धरली. "मानेचा. दोघींना मधे भेटायला लावायचं. खिडकीवालीला गियरवालीसारखं करायला गेलात की मुखवटा होतो."

पहिल्या दिवशी मी जोकर दिसले. दुसऱ्या दिवशी जोकराची आई. मध्येच अंगातून वाफ निघाल्यासारखं गरम व्हायचं, ते या वयाचं दुखणं, आणि सगळं वाहून जायचं. हँडब्रेक म्हणायची, पुसू नका, टिपा, आणि पुन्हा सुरू करा. चौथ्या दिवशी मी फाउंडेशनची बाटली पलंगावर फेकली आणि म्हटलं, जाऊ दे, ओठ हलवू दे त्या पोरीला.

हँडब्रेकने बाटली उचलून माझ्या हातात दिली. "तिसऱ्यांदा नापास झाल्यावर मी गाडी सोडते म्हणाले होते. तुम्ही काय केलं होतं?"

मी तिला किल्ली परत हातात दिली होती आणि म्हटलं होतं, 'बस.'

"बसा," ती म्हणाली. मी बसले.

त्याच आठवड्यात तीन जणांना लायसन्सच्या परीक्षेला घेऊन गेले होते. परीक्षा घेणारे साहेब पंधरा वर्षं तेच. मी त्यांना 'सिमेंट' म्हणते, कारण त्यांचा चेहरा कधी हललेला कुणी बघितलेला नाही. ते गाडीतून उतरले आणि मी पहिल्यांदाच नीट बघितलं. खिडकीकडचा गाल दोन छटा गडद. कानशिलाजवळ जाळी. तेही दिवसभर माझ्याच सीटवर बसतात, मी वेगळं काय बघणार होते! परतताना तीन बसड्रायव्हर आणि एक टॅक्सीवाला बघितला. ते स्टिअरिंगवर बसतात म्हणून त्यांचा दुसरा गाल होता, पण गोष्ट तीच होती. मला एकदम खूप नातेवाईक मिळाल्यासारखं वाटलं.

सातव्या दिवशी हँडब्रेकने मला माझ्या गाडीत, माझ्या सीटवर, भर दहाच्या उन्हात बसवलं, कारण शूटिंग तिथे होणार होतं. गाडीला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घालून तिने माझा चेहरा बघितला. मग म्हणाली, "पास." पास झालेल्या कुणालाही मी गळ्यात पडू देत नाही, पण त्या दिवशी मीच तिच्या गळ्यात पडले.

आठव्या दिवशी शूटिंग. हॉर्ननी शिकणारा म्हणून कुणालाच ठरवलं नव्हतं, सगळं लक्ष चेहऱ्यावर होतं. मी सकाळीच सांगून टाकलं, "ज्याला काहीच येत नाही असं माणूस हवं. तुमच्या मंडळींना बोलवा." त्यांना नाही म्हणता येईना, कारण बाई आधीच हजर होत्या. मीच आदल्या दिवशी फोन केला होता.

मालकीणबाई स्टिअरिंगवर, मी शेजारी, कॅमेरा डॅशबोर्डवर, मागे कॅमेरावाला आणि हॉर्न. आवाज यायला नको म्हणून काचा बंद आणि एसी बंद. भाची मेकअप करून ऑफिसच्या पायरीवर बसली होती, आणि मी दिसताच तिने अंगठा वर केला.

"पहिला धडा," मी कॅमेऱ्याकडे बघून सुरू केलं. "गाडी सुरू करण्याआधी चार गोष्टी. सीट, आरसे, पट्टा, न्यूट्रल." आणि मग वहीत नव्हतं ते तोंडातून निघालं. "आणि पाचवी." मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून सनस्क्रीनची ट्यूब काढली. "हे दोन्ही गालांना, मानेला, हातांना. बाजूची काच सगळं ऊन अडवत नाही. मी बावीस वर्षं हे लावलं नाही. माझा खिडकीकडचा गाल आज मेकअपखाली आहे, नाहीतर तुम्हीच बघितलं असतं."

"कट, कट!" हॉर्न वाजले. "हे कुठे लिहिलंय? ही गाडीची शाळा आहे की ब्युटी पार्लर?"

"मला द्या हो ती ट्यूब," मालकीणबाई म्हणाल्या, आणि आरशात बघून सावकाश दोन्ही गालांना लावायला लागल्या. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केलाच नव्हता.

गाडी निघाली. बाई बऱ्या चालवत होत्या. आत भट्टी झाली होती आणि नेमकी त्याच वेळी माझ्या आतलीही भट्टी पेटली. मानेवरून घाम उतरत होता. चेहऱ्याचं काय होतंय हे मला दिसत नव्हतं, आणि हात लावायचा नाही हे मला शिकवलेलं होतं. मी बोलत राहिले. परत येताना शाळेच्या फाटकाशी वळायचं होतं.

"आता वेग कमी," मी म्हणत होते, "क्लच दाबायचा, आणि ब्रेक..."

बाई क्लच विसरल्या आणि ब्रेक समजून दाबला तो अॅक्सिलरेटर. फाटक अंगावर आलं. मागून हॉर्नचा जो आवाज निघाला तो आयुष्यातला सर्वात लांब हॉर्न असेल. माझा पाय आपोआप गेला. गाडी फाटकाच्या वीतभर अलीकडे थांबली.

"...आणि ब्रेक असा हळूहळू वाढवायचा," मी वाक्य पुरं केलं. "घाबरायचं नाही. चुकीच्या पेडलवर पाय सगळ्यांचाच एकदा जातो. आता पुन्हा. न्यूट्रल."

बाईंनी न्यूट्रल केलं, गाडी सुरू केली, आणि फाटकातून अशी आत घातली की मीही करू शकले नसते.

कॅमेरावाल्याने ऑफिसात तो भाग पडद्यावर लावला. सगळे उभे राहून बघत होते. मागे हॉर्न डोळे मिटून दोन्ही हातांनी सीट धरून ओरडताहेत. पुढे बाईंचं तोंड वासलेलं. आणि त्यांच्या शेजारी मी. पापणी हलली नाही, वाक्य तुटलं नाही. दोन्ही गाल एका बाईचे. घाम मानेवर चमकत होता, पण चेहरा जागच्या जागी होता. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या स्वच्छ दिसत होत्या, त्या मला आवडल्या. बावीस वर्षं ही बाई त्या सीटवर बसलेली होती आणि मी तिला आज पूर्ण बघत होते. मला इतका अभिमान वाटला की दुसरा शब्द नाही.

"याहून चांगला टेक मला मिळायचा नाही," कॅमेरावाला म्हणाला.

हॉर्ननी घसा साफ केला. "ते माझं ओरडणं तेवढं काढा."

"एक शब्द काढायचा नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि बाराही धडे याच करतील. शिकणारी मी."

भाचीने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की मामांनी वळून बघितलं. मग त्यांनीही दोनदा वाजवल्या.

बाराही धडे झाले. आवाज माझा, चेहरा माझा. औषधाने पुढच्या सहा महिन्यांत डाग पुसट झाले, गेले नाहीत, आणि मी रोज पहाटे मोठ्या आरशासमोर दहा मिनिटं बसते. मालकीणबाई पहिल्याच फटक्यात पास झाल्या. आमच्या प्रत्येक गाडीच्या कप्प्यात आता प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी एक ट्यूब असते, हॉर्ननी स्वतः ठेवलेली.

परवा परीक्षेला एका पोरीला घेऊन गेले होते. ही 'पुस्तक', कारण तिने माझे धडे तोंडपाठ केले आहेत. सिमेंटसाहेब शेजारी बसले, कागद मांडीवर घेतले. मी खाली उतरून खिडकीपाशी उभी होते. पोरीने सीट बघितली, आरसे बघितले, पट्टा लावला, न्यूट्रल तपासलं. मग कप्पा उघडून ट्यूब काढली आणि शांतपणे गालांना लावायला लागली.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"पाचवी गोष्ट, सर. मॅडमनी शिकवलंय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आधी एका गालाकडे, मग दुसऱ्याकडे. मग आरसा स्वतःकडे वळवला, मान वाकडी करून त्यात डोकावले आणि त्यांचा हात आपोआप कानशिलाकडे गेला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तो चेहरा हलला.

त्यांनी पोरीपुढे तळहात धरला. "मॅडम," ते मला म्हणाले, "आधी कुठला?"

"खिडकीकडचा," मी म्हटलं. "आणि घासू नका साहेब, थापटा."